तालुका कोर्टात एआय वापरायला सुरुवात करताय? मग आधी हे वाचा

हा लेख नवीन लोकांसाठी आहे. नवीन म्हणजे नुकतेच रुजू झालेले न्यायाधीश साहेब, त्यांचे स्टेनो आणि क्लार्क, तहसीलमध्ये शेतरस्त्याच्या केसेसचं काम पाहणारे कर्मचारी, आणि वकिलीला लागून वर्ष-दोन वर्षं झालेली पोरं-पोरी. मी विदर्भातल्या तालुका कोर्टात वकिली करतो. सध्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये एआय आलंय, पण कोर्टाच्या कामात ते कुठपर्यंत घ्यायचं आणि कुठं थांबायचं हे कोणी बसून सांगत नाही, जो तो आपल्या मनाने करून पाहतोय. इथं चूक झाली तर ती भोगतो तो कास्तकार, ज्याचं दोन एकर वावर पणाला लागलंय आणि जो दर पेशीला मजुरी पाडून एसटीने येतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

पूर्ण लेखाचा गाभा एकाच नियमात आहे, तो आधी सांगून टाकतो. मशीनने लिहून दिलेल्या प्रत्येक वाक्यासमोर निशाणी नंबर (म्हणजे कोर्टाने फाईलमधल्या त्या कागदाला दिलेला नंबर) आणि पान नंबर पाहिजे, आणि ते पान तुम्ही स्वतः उघडून पाहिलेलं पाहिजे. ज्या वाक्याला निशाणी नाही ते वाक्य खोडायचं, मग ते कितीही सुंदर असो.

पायरी पहिली: परवानगी आणि गुप्तता

ॲप उघडायच्या आधी हे पाहा की तुमच्या पदावर तुम्हाला ते वापरायची मुभा आहे का. केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआयचं धोरण काढलं, देशात अशा प्रकारचं ते पहिलंच. त्यात साफ लिहिलंय की निष्कर्ष काढायला, दाद ठरवायला, आदेश किंवा निकाल द्यायला एआय वापरायचं नाही, मंजूर केलेलीच साधनं वापरायची, चॅटजीपीटीसारख्या क्लाउडवरच्या सेवा टाळायच्या, आणि प्रत्येक वापराची नोंद ठेवायची. आपण मुंबई हायकोर्टाखाली येतो त्यामुळे ते धोरण आपल्यावर बंधनकारक नाही, पण वाचून ठेवा, काहून की नवीन माणसाला यापेक्षा चांगली चौकट सापडणार नाही. आपल्याकडचं लागू परिपत्रक कोणतं ते जिल्हा न्यायालयाच्या सिस्टीम ऑफिसरला लेखी विचारा. तोंडी "चालते हो" वर जाऊ नका.

आता गुप्ततेचं. फुकटच्या ॲपमध्ये टाकलेला कागद तुमच्या हातातून गेला असं धरून चाला. पॉक्सोची केस, बलात्काराची केस, नवरा-बायकोचा वाद, मेडिकलचे कागद, यातलं काहीच तिथं टाकायचं नाही. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बरेच जण म्हणतात आम्ही नाव काढून टाकतो. अहो पण खेड्यात नाव काढून भागत नाही! गाव, वय, बापाचा धंदा आणि शाळा एवढं जरी राहिलं तरी पंचक्रोशीतल्या कोणालाही कळते ती कोणाची पोर आहे. मोठ्या शहरात नाव झाकलं की माणूस झाकला जात असेल, तीनशे उंबऱ्यांच्या गावात नाही. अशा फाईली मशीनपासून लांबच ठेवा.

पायरी दुसरी: कोर्टाकडे आधीच काय आहे ते ओळखा

लोकांना वाटते एआय म्हणजे फक्त मोबाईलमधलं चॅट. न्यायव्यवस्थेची स्वतःची साधनं आहेत आणि शक्यतो तीच वापरायची. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सुवास नावाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं, इंग्रजी निकाल मराठीसकट भारतीय भाषांत आणायला. एप्रिल २०२१ मध्ये सुपेस आलं, फाईलमधून तथ्यं आणि संबंधित कायदा शोधून न्यायाधीशासमोर मांडायला. ते सुरू केलं तेव्हा सरन्यायाधीश होते आपल्या नागपूरचे शरद बोबडे, आणि त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की निर्णय घ्यायच्या कामात एआयला शिरू देणार नाही, ते न्यायाधीशाकडेच राहील. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची सुनावणी घटनापीठासमोर चालली होती तिथं युक्तिवाद जागेवर टाईप करायला पहिल्यांदा एआय लावलं गेलं. जिल्हा पातळीवर डिजिटल कोर्ट्स नावाची प्रणाली आहे, तिच्या नव्या आवृत्तीत बोललेलं टाईप करणारं श्रुती आणि भाषांतराचं पाणिनी आहे, आणि कायदा शोधायला एनआयसीने (केंद्र सरकारची संगणक संस्था) लेगरा बनवलंय. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर झाले, त्यातले ५३.५७ कोटी एआय आणि ब्लॉकचेनसारख्या नव्या तंत्रासाठी. तुमच्या कोर्टापर्यंत यातलं काय पोचलंय ते आधी पाहून घ्या, लॉगिन कोणाच्या नावावर आहे तेही पाहा.

ई-एससीआर मात्र सगळ्यांसाठी खुलं आणि फुकट आहे, जानेवारी २०२३ पासून सुप्रीम कोर्टाचे अधिकृत निवाडे तिथं शोधता येतात. त्याचं काम पुढे पडणार आहे, बुकमार्क करून ठेवा.

पायरी तिसरी: फाईल मशीनला वाचता येईल अशी करा

इथं सगळे घाई करतात आणि इथंच पाया कच्चा राहतो. आपल्याकडच्या फाईलमध्ये काय काय असते बघा: हाताने लिहिलेला जुना सातबारा, फेरफाराची नक्कल, मोजणीचा नकाशा, स्टॅम्पपेपरवरची इसारचिठ्ठी, त्यावर अंगठा, त्यावर पाण्याचा डाग. जंगलाचा किंवा गावठाणाचा वाद असला तर निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्जचे (गावाच्या सामाईक हक्कांच्या आणि वहिवाटीच्या जुन्या नोंदी) उतारे येतात, हे कागद विदर्भाचे खास, आणि यांचे नमुने मशीनने फारसे पाहिलेलेच नसतात. ती मग अंदाजाने काहीतरी भरते आणि भरलंय हे सांगतही नाही.

म्हणून स्कॅन सरळ आणि स्वच्छ करा, एका पीडीएफला एकच निशाणी ठेवा, फाईलचं नाव निशाणी नंबरानेच द्या. मग मशीनने वाचून काढलेला मजकूर मूळ कागदाशी ताडा. सगळं ताडायला वेळ नसेल तर निदान आकडे, तारखा आणि नावं तरी ताडाच. गट नंबर ११३ चा ११८ होतो. एक हेक्टर एकवीस आर म्हणजे साधारण तीन एकर, तिथं दशांश चिन्ह एक घर सरकलं की कागदावर तीस एकर होतात. नावाचंही तसंच, आपल्याकडे एकाच सातबाऱ्यावर तीन भाऊ, तिघांच्या नावात बापाचं नाव तेच आणि एकाला गावात वेगळ्याच नावाने हाक मारतात, मशीन दोन माणसांचा एक करते नाहीतर एकाचे दोन.

साक्ष बोलून टाईप होत असेल तर "दीड, अडीच, पावणेदोन, सव्वातीन" हे आले की थांबून स्क्रीन पाहा. आपल्या भागातले शब्दही आधी कागदावर काढून ठेवा, धुरा (म्हणजे वावराचा बांध), वावर, कोठा, मक्ता, ठेक्याने, बंडी, ओलीत. बैलबंडीची बंडी मशीनच्या हिशोबाने अंगात घालायची बंडी होऊ शकते. अशी एक शब्दयादी प्रत्येक कोर्टाने करून भिंतीला लावावी, स्टेनो बदलून आला तरी कामाला येते. आणि साक्ष टाईप कोणीही केलेली असो, साक्षीदाराला ती वाचून दाखवायची आणि मगच सही घ्यायची, ही पद्धत मशीन आली म्हणून सुटत नाही. उलट आता तर हळू वाचा, साक्ष देणाऱ्या बाईला समजेल असं वाचा.

पायरी चौथी: मशीनकडून टिपण करून घ्या, मत नाही

ज्या कामात मशीन खरंच उपयोगी आहे ते हे. दहा-बारा वर्षं चाललेला दावा, तीन न्यायाधीश बदलून गेले, रोजनामा एवढा जाड, आणि नवीन साहेबांना आठ दिवसांत युक्तिवाद ऐकायचाय. अशा वेळी तारीखवार टिपण काढून घ्या, वादीचं म्हणणं आणि प्रतिवादीची कैफियत शेजारी-शेजारी लावून घ्या, कोणती गोष्ट दोघांनाही मान्य आहे आणि कुठं वाद आहे ते वेगळं करून घ्या, कोणत्या मुद्द्यावर कोणती निशाणी आहे त्याची यादी करून घ्या. हे काम माणसाला दोन दिवस खाते आणि वैतागाने चुकाही होतात.

पण विचारायची पद्धत महत्त्वाची. "हा दावा कोण जिंकेल" किंवा "कोणाचं खरं वाटते" असं कधीच विचारू नका. मंजूर साधनात असं काहीतरी लिहा:

"सोबतच्या कागदांवरून तारीखवार टिपण कर. प्रत्येक ओळीसमोर निशाणी, पान आणि परिच्छेद नंबर लिही. जी गोष्ट कागदात नाही तिथं 'कागदात नाही' एवढंच लिही, अंदाज करू नको. दोन कागदांत फरक असेल तर दोन्ही लिही, कोणता बरोबर ते ठरवू नको. कोणत्याही पक्षाच्या बाजूने मत देऊ नको."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. ती नसली की मशीन स्वतःच फरक मिटवून गोष्ट गुळगुळीत करून देते, आणि आपल्याकडच्या केसमध्ये तर नेमका त्या फरकातच निकाल दडलेला असतो. फेरफारावर तारीख एक आणि खरेदीखतावर दुसरी, हाच तर वाद असतो!

मत का नाही विचारायचं, तर त्याचं कारण असं की मशीनने एकदा "वादीची बाजू भक्कम दिसते" असं लिहिलं आणि तुम्ही ते वाचलं, की पुढची फाईल तुम्ही त्याच नजरेने वाचता. अनुभवी माणसाचंही असं होते, नवीन माणसाचं तर होतेच. आधी स्वतः फाईल वाचा, स्वतःचं टिपण चार ओळींचं का होईना पण लिहा, मग मशीनचं उघडा.

पायरी पाचवी: उलटतपासणी, इथं सगळ्यात जास्त जपा

एका गोष्टीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इंग्रजीतून शिकवणाऱ्या कोणत्याच ट्रेनिंगमध्ये हे सांगत नाहीत.

आपल्याकडे उलटतपासणी कशी लिहिली जाते ते माहीत आहे ना? वकील साक्षीदाराला एखादी गोष्ट सुचवतो, साक्षीदार नाकारतो, आणि कागदावर उतरते ते असं: "हे म्हणणे खरे नाही की, मी २०१९ साली प्रतिवादीचा धुरा कोरून माझ्या वावरात घेतला." आता यात साक्षीदाराने काय सांगितलं? काहीच कबूल केलं नाही, साफ नाकारलं. पण वाक्याचा मोठा भाग म्हणजे धुरा कोरल्याची गोष्ट. पन्नास पानांच्या साक्षीचा सारांश काढताना मशीनकडून "खरे नाही की" एवढे तीन शब्द सुटतात आणि सारांशात येते, "वादीने २०१९ मध्ये धुरा कोरल्याचे उलटतपासणीत आले आहे." एका ओळीत माणूस हरला.

त्याच साक्षीत पुढे असं असू शकते: "हे खरे आहे की, मोजणीच्या वेळी मी हजर होतो. हे म्हणणे खरे नाही की, मोजणी मला मान्य होती." दोन्ही मिळून अर्थ होतो की हजर होता पण मान्य नव्हती. सारांशात येईल "साक्षीदार मोजणीस हजर होता व मोजणी मान्य केली". असं वाचून कोणी निकाल लिहिला तर अपिलात तो पडेल हे खरं, पण अपिलाला जिल्ह्याला जायचं, परत वकील लावायचा, परत वर्षं घालवायची, हे त्या माणसाने कोणाच्या चुकीसाठी करायचं?

तिसरा प्रकार म्हणजे "मला आठवत नाही", "मला सांगता येणार नाही", "मला माहीत नाही". ही तिन्ही उत्तरं वेगळी आहेत आणि तिन्ही नकार नाहीत. मशीन तिन्हींना "नाकारले" मध्ये टाकते.

तर उलटतपासणीचा सारांश घ्यायचाच असेल तर परिच्छेदात घेऊ नका, रकान्यांत घ्या. पहिल्या रकान्यात स्वतः कबूल केलेलं, दुसऱ्यात सुचवलेलं पण नाकारलेलं, तिसऱ्यात आठवत नाही किंवा माहीत नाही, चौथ्यात मूळ वाक्य जसंच्या तसं. मग चौथा रकाना मूळ साक्षीशी जुळतो का ते एकेक ओळ बोट ठेवून पाहा. मला विचाराल तर नवीन माणसाने पहिले काही महिने उलटतपासणीचा सारांश मशीनकडून घेऊच नये, हाताने काढावा, म्हणजे नंतर मशीनची चूक लगेच डोळ्यात खुपते.

साक्षीदार खरं बोलतो की खोटं हे तर विचारायचंच नाही. बाई थांबून थांबून का बोलते, म्हातारा नजर का चुकवतो, कोर्टात पहिल्यांदा उभा राहिलेला कोलाम किंवा गोंड माणूस प्रत्येक प्रश्नाला "हाव" म्हणजे हो का म्हणतो, हे समोर बसलेल्या साहेबांनाच दिसते. टाईप केलेल्या कागदात ते नसतेच, मग मशीनला कुठून कळणार.

पायरी सहावी: निवाडा आहे की नाही ते पाहा

मशीन खोटे निवाडे तयार करते. नाव खरं वाटते, वर्ष खरं वाटते, परिच्छेद नंबरही देते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीने रचलेले सहा निवाडे दाखल केले आणि कोर्टाने ५,००० डॉलर दंड ठोकला. हे फक्त तिकडचं नाही. २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने एक इन्कम टॅक्सचा आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने ज्या निवाड्यांवर भिस्त ठेवली ते अस्तित्वातच नव्हते, आणि कोर्टाने बजावलं की अर्धन्यायिक काम करताना सिस्टीमने दिलेल्या निकालांवर आंधळा विश्वास ठेवू नका, पडताळा मग वापरा. अर्धन्यायिक म्हणजे आपले तहसीलदार आणि एसडीओ साहेब पण आले यात, हे तहसीलवाल्यांनी खास लक्षात घ्या. अमरावतीचे भूषण गवई पुढे सरन्यायाधीश झाले, त्यांनीही त्याच वर्षी केनियात बोलताना या खोट्या निवाड्यांच्या धोक्याबद्दल सावध केलं होतं.

पडताळायचं कसं? सुप्रीम कोर्टाचा असेल तर ई-एससीआरवर जा, न्यूट्रल सायटेशन (कोर्टाने स्वतः निवाड्याला दिलेला नंबर) टाका. आपल्या हायकोर्टाचा असेल तर सायटेशनमध्ये आधी वर्ष, मग बीएचसी, मग नागपूर खंडपीठाचा असेल तर एनएजी आणि मग नंबर, ते हायकोर्टाच्या वेबसाईटवर टाका. निवाडा सापडला म्हणजे काम झालं असं नाही, मशीनने सांगितलेला परिच्छेद उघडा आणि तिथं खरंच तेच लिहिलंय का ते वाचा. बऱ्याचदा निवाडा खरा असतो पण त्यात नेमकं उलटं म्हटलेलं असते, किंवा मशीनने दिलेली ओळ ही हरलेल्या वकिलाचा युक्तिवाद असते, कोर्टाचं म्हणणं नसते. शेवटी तो निवाडा पुढे फिरवला गेलाय का तेही पाहा.

कायद्याची कलमं तपासायचीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले, पण मशीनने शिकलेला बहुतेक मजकूर जुना, त्यामुळे ती अजून ३०२ आणि ४२० च सांगत बसते. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा हे पाहून कलम लावा. रस्त्याच्या केसमध्ये तर हमखास गोंधळ होतो: धुऱ्यावरून नवीन रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, आणि चालू वहिवाटीच्या रस्त्यात कोणी काटे टाकले, नाली खोदली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, आणि तिथं अडवल्यापासून सहा महिन्यांत यावं लागते. मशीन दोन्हींची खिचडी करून एकच आदेश लिहून देते, आणि तो आदेश पुढे टिकत नाही, तोपर्यंत पेरणी निघून जाते.

पायरी सातवी: हिशोब मशीनकडून, पण पाढा पाठ ठेवून

अपघात दाव्यात मशीन चांगली कामाला येते. समजा अडतीस वर्षांचा शेतमजूर टिप्परखाली गेला, मागे बायको, दोन लेकरं आणि आई. कोर्टाने त्याचं उत्पन्न महिना १२,००० धरलं. २०१७ च्या प्रणय सेठी निवाड्याप्रमाणे चाळीसच्या आतला आणि पगारदार नसलेला माणूस म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की १६,८०० होतात. घरात खाणारे चार, म्हणून २००९ च्या सरला वर्मा निवाड्याप्रमाणे स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. वय ३६ ते ४० ला गुणक (वयाप्रमाणे ठरलेली पट) १५, म्हणजे २२,६८,००० रुपये. त्यावर बाकीच्या ठरलेल्या रकमा. मशीनने इथं गुणक १६ लावला तर दीड लाखाचा फरक पडतो, आणि ती गुणाकार बरोबर करून चुकीचा गुणक लावते हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यामुळे गुणकाचा तक्ता स्वतःजवळ छापून ठेवा.

पण मघाशी "कोर्टाने १२,००० धरलं" असं लिहिलं ना, ते धरणं मशीनचं काम नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते, रोख, कुठं पावती नाही. सीझन संपला की निंदण, मग रोजगार हमी, आणि घरचं काम वेगळंच. तिचं उत्पन्न किती हे साक्षीवरून आणि गावच्या चालू मजुरीवरून साहेबांनी ठरवायचं असते. मशीन "पुरावा नाही" म्हणून किमान आकडा घालून मोकळी होते.

कच्च्या कैद्यांसाठीही मोजायला लावा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला माणूस जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की बाँडवर सुटायला पात्र होतो, बाकीच्यांना अर्धा काळ, जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून. एकापेक्षा जास्त केसेस असल्या तर वेगळं, ते बघावं लागते. कोण कोणत्या तारखेला पात्र होतो ही यादी दर महिन्याला निघाली तर जामीनदार नाही, वकील नाही म्हणून आत पडून राहिलेले किती तरी गरीब लोक नजरेस येतील. या कामासाठी तर मी म्हणतो एआय लवकर यावं.

कुठं अजिबात नको

जामीन द्यावा की नाही, शिक्षा किती, हा माणूस परत गुन्हा करेल का, हे मशीनला विचारायचं नाही. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने मार्च २०२३ मध्ये एका जामीन अर्जात चॅटजीपीटीला जामिनाबद्दल सर्वसाधारण प्रश्न विचारला होता, पण आदेशातच स्पष्ट केलं की केसच्या गुणवत्तेवर त्याचा काही संबंध नाही. नवीन माणसाने तिथपर्यंतही जायची गरज नाही.

अमेरिकेत कंपास नावाचं सॉफ्टवेअर आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचे गुण द्यायचं. २०१६ मध्ये प्रोपब्लिकाने फ्लोरिडातले आकडे तपासले तर ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही अशा लोकांमध्ये काळ्या आरोपींवर "जास्त धोका" चा शिक्का गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात बसलेला निघाला. आपल्याकडे हे कोणावर बसेल ते सांगायला नको. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांसारख्या जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं, ते कायदे १९५२ ला गेले, पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या बेड्यावर म्हणजे वस्तीवर पोलिसांची गाडी जाते, उचलून आणतात, नोंद होते. त्या नोंदी मशीनला शिकायला दिल्या तर ती आडनाव पाहूनच गुण देईल, आणि वरून ते गणित म्हणून समोर येईल, म्हणजे प्रश्न विचारायचीही सोय नाही. साहेबांच्या मनात पूर्वग्रह असला तर निदान तो आदेशातल्या कारणांत दिसतो आणि अपिलात बोट ठेवता येते.

भाषांतराचं थोडक्यात

महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, १९९८ ची अधिसूचना आहे तशी. पण फाईल नागपूरला गेली की सगळं इंग्रजीत लागते, त्यामुळे भाषांतराचं काम डोंगराएवढं आहे आणि तिथं मशीनने मदत करावीच. कच्चं भाषांतर मशीनचं, पक्कं अनुवादकाचं, आणि खाली अनुवादकाचीच सही. साक्ष आणि हुकूमनाम्याचा शेवटचा आदेश भाग मात्र पूर्ण शब्दन् शब्द ताडा, "पर्यंत" आणि "पासून" एवढ्याने ताब्याची तारीख बदलते.

शेवटची पायरी: नोंद ठेवा आणि दोन्ही बाजूंना सांगा

एक साधं रजिस्टर करा. तारीख, केस नंबर किंवा सीएनआर (ई-कोर्ट्समधला केसचा स्वतंत्र नंबर), कोणतं साधन, कशासाठी, काय विचारलं, काय चुकीचं निघालं, कोणी ताडलं, सही. चुकीचं निघालेलं लिहायला लाजू नका, त्या रकान्यातूनच पुढच्या स्टेनोला कळेल की हे साधन कुठं घसरते.

आणि निकाल लिहिताना मशीनने असा एखादा खरा निवाडा शोधून दिला की जो ना वादीच्या वकिलाने दाखवला ना प्रतिवादीच्या, तर तो गुपचूप निकालात घालायचा नाही. पडताळून झाला की केस परत बोर्डावर घ्या, दोन्ही वकिलांना त्याची प्रत द्या, म्हणणं मांडायला एक तारीख द्या. होय, एक पेशी वाढेल, पक्षकार कुरकुरतील, पण ज्या कागदावर आपलं बोलणंच झालं नाही त्या कागदावर कोणी हरायला नको. निकालावर सही झाल्यावर नुसती टायपिंगची किंवा बेरजेची चूक दिसली तर दिवाणीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्त होते, फौजदारीत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०३ प्रमाणे लेखनाची किंवा आकड्याची चूक तेवढी दुरुस्त करता येते, त्यापलीकडे हात लावता येत नाही. म्हणून सगळं ताडणं सहीच्या आधी, आणि मशीनचा मसुदा रात्री आला असेल तर सही सकाळी, मूळ फाईल शेजारी उघडी ठेवून.